क्रायो-ईएम शिकताना: नॉईजमधून प्रथिन उगवू नये म्हणून

क्रायो-ईएममध्ये (प्रथिनं गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने त्यांची रचना पाहण्याच्या तंत्रात) नव्याने आलेल्यांना मी आधी एक उद्योग करायला लावते. निव्वळ नॉईजच्या (अर्थहीन ठिपक्यांच्या) हजारेक प्रतिमा संगणकावर बनवा, संदर्भ म्हणून आइन्स्टाइनचा फोटो द्या, प्रत्येक प्रतिमा त्या फोटोशी जास्तीत जास्त जुळेल अशी फिरवून-सरकवून घ्या आणि सगळ्यांची सरासरी काढा. पडद्यावर आइन्स्टाइन उमटतो. मूळ प्रतिमांत तो कुठेच नव्हता! २०१३ मध्ये एचआयव्हीच्या आवरणावरच्या प्रथिनाच्या ६ अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) मॅपवरून, म्हणजे त्रिमितीय नकाशावरून, वाद झाला, तेव्हा रिचर्ड हेंडरसन यांनी हेच उदाहरण पुढे ठेवलं होतं. चारच वर्षांनी, २०१७ मध्ये, याच तंत्रासाठी नोबेल मिळालेल्या तिघांपैकी ते एक.

हा धोका या तंत्रात मुळातच आहे. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने प्रथिन जळतं, म्हणून एकूण डोस साधारण ४०-५० इलेक्ट्रॉन प्रति चौरस अँगस्ट्रॉम एवढाच ठेवावा लागतो. त्यामुळे एकेक पार्टिकल (प्रथिनाच्या एका रेणूची प्रतिमा) नॉईजमध्ये जवळपास बुडालेलं असतं, आणि आपण जे शोधायला सांगू ते सॉफ्टवेअर शोधून देतं.

म्हणून सर्वाधिक जपायचं ते पिकिंगच्या, म्हणजे मायक्रोग्राफमधून (मायक्रोस्कोपच्या फोटोतून) पार्टिकल निवडण्याच्या वेळी. सुरुवातीचे काहीशे पार्टिकल हाताने निवडा. कंटाळवाणं काम आहे, पण मायक्रोग्राफ वाचायची नजर त्यातूनच येते: बर्फाचा खडा कोणता, कार्बनची कड कुठे, प्रथिनाचे गोळे कुठे झालेत. पुढे टेम्प्लेट (पार्टिकल शोधायला सॉफ्टवेअरला दिलेला नमुना) वापरायचंच असेल तर ते २० अँगस्ट्रॉमपर्यंत धूसर करून द्या. मग टूडी क्लासमध्ये (सारख्या दिसणाऱ्या पार्टिकलच्या सरासरी प्रतिमांमध्ये) त्याहून बारीक तपशील, समजा हेलिक्सच्या (प्रथिनातल्या मळसूत्री भागांच्या) कांड्या, दिसल्या तर त्या टेम्प्लेटमधून आलेल्या नाहीत एवढी खात्री देता येते. क्लास हुबेहूब टेम्प्लेटसारखा धूसरच राहिला आणि भोवती केसांसारख्या रेषा फुटल्या, तर ते पार्टिकल बाजूला काढा.

रिझोल्यूशनचा आकडा (किती बारीक तपशील दिसतो ते; लहान तितका चांगला) सगळ्यांना भुलवतो. डेटाचे दोन भाग करायचे, दोन्हींचे मॅप शेवटपर्यंत स्वतंत्रपणे बांधायचे आणि त्यांचं एफएससी (दोन मॅप किती जुळतात याचं माप) ०.१४३ वर कुठे येतं ते पाहायचं, ही पद्धत २०१२ पासून रुळली. पण तीही फसते. एकच पार्टिकल काही पिक्सेलच्या अंतरावर दोनदा पिक झालं आणि एकेक प्रत दोन्ही भागांत गेली, की दोन्ही मॅप आपोआप जुळू लागतात. डुप्लिकेट काढायला विसरू नका. मास्क (प्रथिनाबाहेरचा भाग झाकणारा साचा) घट्ट आणि धारदार कडेचा असला तर त्या कडेमुळेच एफएससी वर चढतो. कड मऊ ठेवा, आणि फेज रँडमाइझ केलेला (बारीक तपशील मुद्दाम विस्कटून काढलेला) वक्र नक्की बघा: बारीक रिझोल्यूशनकडे जाताना तो शून्याजवळ यायला हवा.

प्रथिनं हवा-पाण्याच्या सीमेवर एकाच अंगाने चिकटतात, हे वेगळंच दुखणं. फ्लूच्या विषाणूवरच्या हीमॅग्लुटिनिन या प्रथिनाचं उदाहरण घ्या. बहुतेक पार्टिकल वरून पाहिल्यासारखेच दिसतात, बाजूची दृश्यं मिळत नाहीत आणि मॅप एका दिशेने ताणला जातो. २०१७ मध्ये ग्रिड (नमुना ठेवायची जाळी) तिरका करून डेटा घेतल्यावर तो बराच सुधारला. एकच सरासरी आकडा हे लपवतो, त्यामुळे कोनांचं वितरण आणि दिशेनुसारचं रिझोल्यूशनही बघा.

सिमेट्री आधीच लादू नका, पहिली फेरी सी-१ मध्येच, म्हणजे कोणतीही सिमेट्री न धरता, करा.

मग आकडा झाकून मॅप बघा. ४ अँगस्ट्रॉमचा दावा असेल तर बीटा पट्ट्या सुट्या दिसायला हव्यात, कारण त्यांच्यातलं अंतर ४.८ च्या आसपास असतं. ३.५ किंवा त्याहून बारीक असेल तर मोठ्या साइड चेन (अमिनो आम्लांच्या बाजूच्या शाखा) दिसल्या पाहिजेत. अल्फा हेलिक्स डावीकडे वळत असेल तर मॅप आरशातला आहे, उलटून घ्या. तिरपे न केलेल्या प्रतिमांमधून हे सॉफ्टवेअरला कळत नाही.

सरावासाठी महागड्या मायक्रोस्कोपवर वेळ मिळायची वाट बघू नका. एम्पायर या खुल्या संग्रहात कच्चा डेटा फुकट मिळतो. बीटा-गॅलॅक्टोसिडेज या एन्झाइमपासून सुरुवात करा. मॅप दाखवायला आणाल तेव्हा दोन्ही हाफ-मॅप (डेटाच्या दोन भागांचे वेगवेगळे मॅप), मास्क आणि शार्पनिंगपूर्वीचा (बारीक तपशील उठावदार करण्याआधीचा) मॅपही आणा. जास्त शार्पनिंगने नॉईजचे कण थेट पाण्याच्या रेणूंसारखे दिसतात. एखादा ठिपका पाणी म्हणून मॉडेलमध्ये बसवण्याआधी तो दोन्ही हाफ-मॅपमध्ये त्याच जागी आहे का आणि हायड्रोजन बंध जुळेल इतक्या अंतरावर कोणी आहे का, हे तपासा.