इंज्युरी प्रिव्हेन्शनची फेलोशिप: अर्जात आणि पहिल्या सहा महिन्यांत या चुका टाळा

एमपीएच (पब्लिक हेल्थची मास्टर्स) संपत आलं की अमेरिकेतल्या मराठी मुलामुलींच्या ग्रुपवर एकच विषय असतो: सीडीसीत, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेत, कसं शिरायचं? मग झिंटेलेक्ट या अर्जांच्या वेबसाइटवर जायचं आणि दिसेल त्या ओराइझ फेलोशिपला (सरकारी संस्थेत शिकत काम करण्याची योजना) अर्ज ठोकायचा. त्यात सीडीसीच्या अटलांटातल्या इंज्युरी सेंटरची, म्हणजे इजा टाळण्यावर काम करणाऱ्या विभागाची, एखादी जागा दिसते. 'प्रोग्राम इव्हॅल्युएशन' (कार्यक्रमाचं मूल्यमापन) हे शब्द दिसले की वाटतं, सर्व्हे करायचे, एक्सेल भरायचं, जमेल की.

तिथेच गाडी घसरते. इंज्युरी म्हणजे रस्त्यावरचे अपघात, असं धरून अर्जातला निबंध लिहिला जातो. पुण्याची वाहतूक, हेल्मेटसक्ती, झालं. पण 1992 साली सुरू झालेल्या या सेंटरचं मोठं काम आहे ड्रग ओव्हरडोस, आत्महत्या, बंदुकीच्या जखमा, मुलांवरचे अत्याचार, म्हाताऱ्या माणसांचं घरात पडणं आणि डोक्याला मार लागणं. रस्त्यांचा बराचसा कारभार तिकडे वाहतूक खात्याच्या एजन्सीकडे असतो. जागेच्या जाहिरातीत ओव्हरडोस लिहिलं असेल आणि तुमच्या निबंधात हेल्मेट असेल, तर वाचणारा पुढचा अर्ज उघडतो.

कागदपत्रांच्या चुका थोडक्यात सांगतो. नागरिकत्वाची अट जागेगणिक बदलते, ती आधी वाचा. ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावर शिक्षणाशी जोडलेलं काम करण्याची परवानगी) असाल तर होकार कळवण्याआधी कॉलेजच्या डीएसओशी, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं व्हिसाचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याशी, बोला. पदवी किती वर्षांच्या आत मिळालेली हवी, हेही पाहा. मुदत ईस्टर्न वेळेप्रमाणे असते आणि पुष्कळदा दुपारीच संपते. 'रात्री बारापर्यंत आहे की' म्हणत बसलेल्यांचे अर्ज असेच राहतात. आणि फेलो हा कर्मचारी नसतो. मिळतो तो स्टायपेंड. त्यामुळे आरोग्य विमा आणि कर यांची चौकशी आधीच केलेली बरी. 2025 च्या एप्रिलमधल्या कपातीत या सेंटरमधल्या कित्येक टीम गेल्या, तेव्हा इंटरव्ह्यूत 'या जागेचा पैसा कुठवर आहे?' हे बिनदिक्कत विचारा. उद्धटपणा नाही त्यात. हेच काम राज्यांच्या आरोग्य खात्यांत आणि जॉन्स हॉपकिन्स, नॉर्थ कॅरोलायना अशा विद्यापीठांच्या इंज्युरी रिसर्च सेंटरमध्येही चालतं. एकाच दारावर थांबू नका.

आता खरं काम. हॉस्पिटलचा डेटा हातात आला की नवा माणूस आजार-जखमांच्या आयसीडी-10 या कोडयादीतला एस-72 सरळ शोधतो, म्हणजे मांडीचं हाड मोडलेले पेशंट. पण एस-72 सांगतो काय मोडलं. कशामुळे मोडलं ते सांगत नाही. त्यासाठी वेगळा कोड लागतो: शिडीवरून पडला तर डब्ल्यू-11, जिन्यावरून पडला तर डब्ल्यू-10. आणि घाईत असलेल्या इमर्जन्सी रूममध्ये हा दुसरा कोड कधी टाकलाच जात नाही, कधी नुसता डब्ल्यू-19 टाकतात, म्हणजे 'कुठून तरी पडला'. प्रतिबंध करायचा तर शिडी आणि जिना यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून आधी किती नोंदींत कारणाचा कोडच नाही ते मोजा, मग तक्ते करा. ओव्हरडोसमध्ये तर मृत्यूच्या दाखल्यावरचे कोड वेगळे आणि हॉस्पिटलच्या बिलावरचे वेगळे. अपघाती ओव्हरडोस असेल तर दाखल्यावर मूळ कारण म्हणून एक्स-40 ते 44 येतात, तर बिलावर टी-36 ते 50. दोन्हीकडे एकच यादी चालवलीत तर आकडा चुकणारच, आणि चुकलाय हे सहज लक्षातही येणार नाही.

यापुढची चूक मला सगळ्यात महागडी वाटते: कार्यक्रम नीट समजून न घेता त्याचं मूल्यमापन सुरू करणं. सीडीसीच्या 1999 च्या चौकटीत सहा पायऱ्या होत्या आणि पुरावा गोळा करणं ही चौथी. संबंधित लोकांना सोबत घ्या, कार्यक्रमाचं वर्णन करा, नेमका प्रश्न ठरवा, हे सगळं त्याआधी. 2024 मध्ये ही चौकट सुधारली, तरी प्रश्नावली घेऊन धावत सुटण्याची सवय काही गेलेली नाही. एक कागद घ्या. समजा कार्यक्रम म्हाताऱ्या माणसांचं पडणं रोखण्याचा आहे. वर्ग घेतले, पत्रकं वाटली, ही झाली कामं. म्हाताऱ्या माणसांचं पडण्याचं प्रमाण घटलं, हा परिणाम. या दोघांच्या मध्ये काय घडायला हवं? आजींनी बाथरूममध्ये दांडा बसवला का, डॉक्टरांनी झोपेची गोळी कमी केली का, पायांची ताकद वाढली का? हा मधला भाग लिहिता येत नसेल तर तुमच्या अहवालात 'बाराशे पत्रकं वाटली' यापलीकडे काही येणार नाही.

आकडे उलटे गेले की घाबरू नका. अमेरिकेत 65 च्या पुढच्या चारांपैकी साधारण एक जण दरवर्षी पडतो आणि पडणाऱ्यांतले निम्मेसुद्धा ते डॉक्टरांना सांगत नाहीत. दवाखान्यात 'गेल्या वर्षात पडलात का?' हा प्रश्न नेमाने विचारायला लागलं की नोंदी वाढणारच. ते कार्यक्रमाचं अपयश नाही, विचारपूस सुरू झाल्याची खूण आहे. म्हणून नोंदींच्या शेजारी खुब्याच्या फ्रॅक्चरसाठीच्या भरत्या ठेवून पाहा. फ्रॅक्चर दडवून ठेवता येत नाही.

याच्या उलट फसगत आपल्याकडच्या वाचकाला लगेच पटेल. ज्या वळणावर यंदा सगळ्यात जास्त बळी गेले तिथेच रंबलर बसवले, तर पुढल्या वर्षी आकडा बहुधा उतरतोच, रंबलर नसते तरी, कारण एखाद्या वर्षी योगायोगाने फार चढलेला आकडा पुढे आपसूक नेहमीच्या पातळीकडे येतो. म्हणून भारतात ब्लॅकस्पॉट ठरवताना एका वर्षावर न जाता तीन वर्षांचे अपघात बघतात. तुलनेसाठी काम न झालेलं, पण तितकंच वाईट वळण शोधा. सापडत नसेल तर निदान आधीच्या चार-पाच वर्षांचे आकडे शेजारी मांडा.

राहता राहिला अहवाल. चाळीस पानं लिहून होईपर्यंत कार्यक्रम चालवणाऱ्या राज्याचा पुढच्या अनुदानाचा अर्ज गेलेला असतो. ती तारीख पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या आणि त्याच्या महिनाभर आधी दोन पानं त्यांच्या हातात द्या. उरलेली अडतीस मागाहून गेली तरी चालतात.