पद्मिनीचे इंजिन ओळखणे आणि बदलणे

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली पद्मिनी मोटार विकत घेणाऱ्या नवशिक्याने पाने-पकडी हाती घेण्याआधी गाडीत नेमके कोणते इंजिन आहे हे ठरवावे, कारण या गाड्या इतक्या हातांतून गेलेल्या असतात की मूळचेच इंजिन असेल असे गृहीत धरता येत नाही. मूळ पेट्रोल इंजिन फियाट ११०० घराण्यातले, चार सिलिंडरचे, १०८९ सीसीचे असून त्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५ मिमी असतो. पुढे १३७डी हे डिझेल मॉडेलही निघाले. दोन्हींतला फरक बॉनेट उघडताच कळतो: कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या जाड वायरी दिसल्या तर पेट्रोल, त्याऐवजी पंपापासून प्रत्येक सिलिंडरकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्या दिसल्या तर डिझेल. विक्रेता ‘निस्सानचे इंजिन आहे’ म्हणाला, तर ते बहुधा प्रीमियरच्याच ११८एनई या वेगळ्या गाडीचे ११७१ सीसीचे इंजिन असते, आणि ते मूळ पद्मिनीत सरळ बसत नाही.

यानंतर ब्लॉकवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य ओतीव भागावर, ठोकलेला क्रमांक शोधावा. तेलकट मळ केरोसीन आणि ब्रशने काढावा. सँडपेपर मात्र लावू नये, कारण उथळ ठोकलेले आकडे घासले गेले की पुढे कागदोपत्री निस्तरणे कठीण होते. ओल्या कपड्याने पुसून आडवा टॉर्च धरला की आकडे उठून दिसतात. ते आरसीशी (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राशी) ताडून पाहावेत. इंजिनचा क्रमांक आरसीवर नोंदलेला असल्यामुळे बदलीपूर्वीच आरटीओकडे परवानगीची चौकशी करावी आणि जुन्या बाजारातून इंजिन घेतल्यास पक्के बिल घ्यावे. बिलाविना मिळणारे स्वस्त इंजिन चोरीच्या गाडीचेही असू शकते. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीच्या मालकाने आणखी एक विचार करावा. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते, त्यामुळे वेगळ्या जातीचे इंजिन बसवले तर ती वाट बंद होऊ शकते. माझ्या मते नवशिक्याने त्याच जातीचे इंजिन घालावे. डिझेल किंवा परक्या इंजिनाच्या नादी लागले की माउंटिंग (इंजिन ज्यावर बसते ते आधार), गिअरबॉक्स, रेडिएटर आणि सायलेन्सर असे सगळेच नव्याने जुळवावे लागते.

इंजिन काढताना प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी, मग गार इंजिनातले पाणी आणि ऑइल काढावे. बॉनेटच्या बिजागऱ्यांभोवती पेन्सिलने रेघ ओढून ठेवली तर तो परत बसवताना झगडावे लागत नाही. रेडिएटर आणि होजपाइप काढावेत, पेट्रोलची नळी बंद करावी, आणि प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून ती कुठून निघाली हे लिहावे. मोबाइलवर फोटो काढले तरी पट्ट्या हव्यातच, कारण फोटोत दोन काळ्या वायरी सारख्याच दिसतात. सायलेन्सरचा पाइप मॅनिफोल्डपासून (सिलिंडरांचा धूर एकत्र करणाऱ्या नळीपासून) सुटा केल्यावर, स्टार्टर काढल्यावर गिअरबॉक्सखाली जॅक लावावा आणि मगच बेल हाउसिंगचे (इंजिनला जोडलेल्या, क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या कवचाचे) बोल्ट काढावेत. इंजिनचे वजन चेन ब्लॉकवर (साखळीच्या कप्पीवर) घेतल्यावर माउंटिंगचे बोल्ट सोडावेत. इंजिन सरळ वर न ओढता आधी पुढे सरकवावे लागते, कारण गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत वर उचलले तर शाफ्ट वाकतो. लोंबकळत्या इंजिनाखाली कोणीही हात किंवा पाय घालू नये.

जुने आणि नवे इंजिन शेजारी ठेवून माउंटिंगची भोके, बेल हाउसिंगच्या बोल्टांची मांडणी, ऑइल संपचा (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचा) आकार आणि फ्लायव्हीलचे (क्रँकच्या मागच्या जड चाकाचे) दाते तपासावेत. इंजिन बाहेर असतानाच क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग (क्लच दाबणारे बेअरिंग) आणि क्रँकचे (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे ऑइल सील बदलावे. हे काम नंतर करायचे तर सगळी उचलाउचल पुन्हा करावी लागते. क्लच प्लेट एखाद्या जुन्या गिअरबॉक्सच्या सुट्या शाफ्टने मध्यावर आणून तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट घट्ट करावी. इंजिन बसवताना बेल हाउसिंग आणि ब्लॉक यांच्यात फट राहिली तर ती बोल्ट आवळून मिटवू नये. क्रँक किंचित फिरवून शाफ्टचे आणि क्लच प्लेटचे दाते जुळवावेत, दोन्ही भाग हाताच्या जोरानेच एकमेकांना टेकले पाहिजेत. सक्ती केली तर क्लच प्लेटचा मधला भाग तुटतो.

ऑइल आणि पाणी भरल्यावर प्लग काढून ठेवावेत, कॉइलची वायर सोडावी आणि ऑइलचा दाब येईपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवावा. मग प्लग आणि कॉइलची वायर लावून, टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) जुळवून इंजिन चालू करावे. पहिली काही मिनिटे कान आणि नजर दोन्ही इंजिनावर असावीत: पेट्रोलची गळती, तापमान, ऑइलचा दाब. टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फट गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने तपासावी. छोटी फेरी मारून आल्यावर इंजिन गार होऊ द्यावे, मग माउंटिंगचे बोल्ट, होजच्या क्लिपा आणि गाडीखालचा ऑइलचा डाग पुन्हा पाहावा.