पहिली इलेक्ट्रिक गिटार घरी बनवताना आणि रंगवताना या चुका टाळा

पहिली गिटार करायला घेणाऱ्याचं लक्ष रंगावर असतं. निळा की सनबर्स्ट (मध्ये उजळ, कडांना गडद) हे आधी ठरतं आणि नेक (तारांखालची लांब दांडी) बॉडीत कसा बसणार हे मागाहून सुचतं. हा क्रम उलटा करा. गिटार कच्च्या लाकडातच पूर्ण जोडा, तारा चढवा, वाजवून बघा आणि मगच सुटी करून रंगवा. खाली लिहिलेल्या बऱ्याच चुका हा टप्पा गाळल्यामुळे होतात, आणि रंग चढल्यावर त्या दुरुस्त करणं जिवावर येतं.

आकार टेलिकास्टरचा, म्हणजे फेंडर कंपनीच्या साध्या घडणीच्या गिटारीचा घ्या. सपाट बॉडी, स्क्रूने बसणारा नेक, कुठे कोन काढायला नको. नेक तयारच विकत घ्या. फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बसवणं हे वेगळं कसब आहे, ते दुसऱ्या गिटारीसाठी राखून ठेवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक ब्रिजच्या, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात त्या भागाच्या, जागेची. टेलिकास्टरची स्केल लांबी (तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी) ६४८ मिमी, म्हणजे नटपासून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत ३२४ आणि तिथून सॅडलपर्यंत (ब्रिजवरचा तारेचा टेकू) पुन्हा ३२४. हे माप सॅडलपर्यंतचं आहे, ब्रिजच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचं नाही. सगळ्यात बारीक तारेचं सॅडल जवळजवळ पूर्ण पुढे घेऊन या रेषेवर ठेवा, कारण सूर जुळवताना सॅडल मागेच सरकवावी लागतात, जाड तारांची जास्त. नेक खाचेत बसवल्याशिवाय ब्रिजची भोकं पाडू नका. दोन्ही कडेच्या तारांच्या जागी दोरे ताणून ते फ्रेटबोर्डच्या (नेकची फ्रेट असलेली बाजू) आपापल्या काठापासून सारख्याच अंतरावर आहेत ना, ते बघा. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) चढा लागला तर सॅडल मागे घ्या. सॅडल मागे टेकलं तरी सूर चढाच असेल, तर ब्रिज पुढे बसलाय. अशा वेळी भोकांत त्याच लाकडाच्या गोल काड्या सरसाने बसवा आणि नव्याने भोकं पाडा.

नेकची खाच साधारण १६ मिमी खोल आणि ५६ मिमी रुंद असते. नेक हातात धरून उचलल्यावर बॉडी स्क्रूशिवाय लटकून राहिली तर बसणी उत्तम. पण रंग चढला की खाच अरुंद होते. नेक जोर लावून बसवला की कोपऱ्यांतून लॅकरला तडे जातात. म्हणून स्प्रेआधी खाचेत मास्किंग टेप लावायलाच हवी.

लाकडात आपल्याकडे सागवान सहज मिळतं, जुन्या दाराच्या फळीचं तर चांगलं मुरलेलं. दोन गोष्टी सांभाळा: आत मोडलेले खिळे असतात, आणि सागात तेल असतं. फळ्या चिकटवण्याच्या आणि सीलर (लॅकरखालचा पहिला थर) मारण्याच्या अगदी आधी ॲसिटोनने पुसून घ्या. छिद्रं उघडी असल्याने छिद्रं भरणारा ग्रेन फिलरही लागतो. पॉलिश पेपर १२०, १८०, २२०, ३२० असा क्रमाने चालवा; मधला नंबर गाळला तर ओरखडे लॅकरखालून दिसतात. आधी दिसत नाहीत, म्हणून मोबाईलचा टॉर्च आडवा धरून तपासा.

आता स्प्रे. जुन्या अमेरिकन गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असे. आपले फर्निचरवाले एनसी लॅकर म्हणतात ते हेच. घरी पहिल्यांदा करणाऱ्याला हे बरं, कारण नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो आणि दुरुस्ती सोपी जाते. पण दमट हवा त्याला सोसत नाही. थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतला ओलावा धरतो आणि लॅकर पांढरट होतं. पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात हे हमखास घडतं. त्यावर आणखी थर चढवू नका. कोरड्या दिवशी रिटार्डर (थिनर सावकाश उडू देणारं द्रव्य) घातलेल्या थिनरचा हलका फवारा मारा, बहुतेक वेळा पांढरेपणा जातो. त्याहून सोपं म्हणजे स्प्रेचं काम दिवाळीनंतरच काढायचं.

संत्र्याच्या सालीसारखी खडबड आली तर लॅकर घट्ट आहे किंवा स्प्रे गन फार लांब आहे. २० ते २५ सेंमी अंतर ठेवा. ओघळ आला तर ओला असताना पुसू नका, वाळल्यावर पात्याने खरवडा. थरात गोल खळगे पडले तर लाकडाला तेलाचा किंवा सिलिकॉनचा हात लागलाय. रंग एका जातीचा आणि वरचं लॅकर दुसऱ्या जातीचं असेल तर आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर मारून बघा. एनॅमलवर एनसी मारलं की खालचा थर सुरकुततो.

थिनरची वाफ पेट घेते. देवघरातला दिवा, गॅस आणि ठिणगी पडू शकेल असा पंखा यांच्यापासून लांब, मोकळ्या हवेत काम करा. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्कच हवा. टू-के पीयू (हार्डनर मिसळून मारायचं पॉलियुरेथेन) घरी मारूच नका; त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसांना कायमची इजा करू शकतात. तसली चमक हवी असेल तर गाड्या रंगवणाऱ्याच्या स्प्रे बूथमध्ये बॉडी द्या.

शेवटचा थर दिल्यावर तीन-चार आठवडे थांबा. नाक जवळ नेल्यावर थिनरचा वास येत असेल तर लॅकर अजून बसतंय. आत्ता घासलं तर पुढे छिद्रांवर खड्डे दिसतील. मग १००० ते २००० नंबरचा वॉटर पेपर आणि रबिंग कंपाउंड. कडांवर हात हलका ठेवा, लॅकर तिथेच आधी संपतं.

परत जोडताना ब्रिजखालची अर्थची वायर विसरली जाते. मल्टिमीटरचं एक टोक तारेला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या भागाला लावा. रेझिस्टन्स जवळजवळ शून्य यायला हवा. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर अर्थ ठीक आहे, शिल्डिंग (बाहेरची गुणगुण अडवणारं आवरण) अपुरं आहे. पिकअपच्या (तारांचा कंप टिपणारी चुंबकं) खाचांत तांब्याची टेप लावा. स्क्रू पिळण्याआधी भोकाच्या तोंडाचं लॅकर काउंटरसिंकने (भोकाचं तोंड रुंदावणारं बिट) हलकं खरवडा आणि आट्यांना मेणबत्ती घासा, म्हणजे स्क्रूभोवतीचं लॅकर उडणार नाही.