आखातात पहिले चौदा दिवस

"नागपूरचा मे काढलाय आम्ही, दुबईचं काय घेऊन बसलात!" असं म्हणणारा कोणीतरी दर जूनमध्ये आमच्या कामगारांच्या कॅम्पवर येतोच. विदर्भातलं ऊन कोरडं. घाम सुकतो, अंग निवतं. इथे किनाऱ्यावर ऑगस्टात हवा इतकी दमट की घाम नुसता गळतो. अंग तापलेलंच राहतं, मीठ मात्र निघून जातं.

ते मीठ सांभाळायला शरीराला दिवस लागतात. किडनीवर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक (हार्मोन) सोडते. ते किडनीला आणि घामाच्या ग्रंथींना मिठातलं सोडियम परत ओढून घ्यायला लावतं. रोज उन्हात राहिलात की एक-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटतो, जास्त येतो, पण कमी खारट. नव्या पोरांच्या निळ्या शर्टावर पाठीला मिठाचे पांढरे नकाशे उमटतात, ते मी रोज संध्याकाळी बघतो. पंधरवड्यात फिके पडतात. तोवर अंगमेहनत बेताची ठेवा: पहिल्या दिवशी पूर्ण कामाचा पाचवा हिस्सा, मग रोज तेवढीच वाढ. गावाहून महिन्याने परतलात तरी सवय मोडलेली असते, पुन्हा जपून सुरुवात करा.

दुसरं संप्रेरक व्हॅसोप्रेसिन. रक्त दाट झालं की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी ते सोडते, किडनी पाणी धरून ठेवते, लघवी गडद होते. दिवसभर घाम गाळून वर नुसतं साधं पाणी ढोसलं, तर ते अंगातच साठतं आणि रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं ठणकतं, उलट्या होतात, माणूस बरळतो. माझ्या रूममधल्या एकाचं असंच झालं, आणि आम्ही त्याला आणखी पाणी पाजत होतो. ती रात्र मी विसरलेलो नाही.

म्हणून पंधरा-वीस मिनिटांनी एकेक पेला, तासाला दीड लिटरच्या आत. जेवण चुकवू नका. ताक इथे 'लबन' नावाने मिळतं, त्यात चिमूटभर मीठ घाला. ओआरएस पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, कारण आतड्यात साखरेसोबतच सोडियम आत शिरतं. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर उन्हाळ्याआधी डॉक्टरांना विचारा.

१५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी १२:३० ते ३ उघड्यावर उन्हात काम करायला यूएईत कायद्याने बंदी आहे. तेवढा वेळ सावलीत आडवे व्हा.

उन्हात कोणी बरळू लागला, तर तो उष्माघात असू शकतो; घाम येतोय की नाही हे बघत बसू नका. रुग्णवाहिकेसाठी ९९८ फिरवा, सावलीत न्या, कपडे भिजवून वारा घाला. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका.