केमोच्या काळात प्लेटलेट डोनर ऐनवेळी मिळत नसतील तर (माझा अनुभव)

मित्राला ब्लड कॅन्सर, परळला ट्रीटमेंट, केमोनंतर प्लेटलेट धाडकन खाली यायच्या आणि ग्रुपवर ढीगभर लोक "कधीही सांग रे" म्हणणारे असूनही ऐनवेळी डोनर नाही. मेसेज फॉरवर्ड करून झाले, सगळ्यांना एकाच दिवशी बोलावूनही उपयोग नाही कारण प्लेटलेट ५ दिवसच टिकतात. जीव नुसता टांगणीला लागायचा.

शेवटी जमलं ते असं. आधी ब्लड बँकेत विचारायचं, एसडीपी (एकाच डोनरकडून मशीनवर काढलेल्या प्लेटलेट) कुठल्या ब्लड ग्रुपची चालेल आणि साधारण कधी लागेल. मग एकेकाला फोन, मेसेज नाही फोनच, वय १८ ते ६०, वजन ५० च्या वर, ३ दिवसांत ॲस्पिरिन घेतली नाही ना. जे बसतात त्यांची सीबीसी (रक्ताची तपासणी) आणि हाताची शीर आधीच तपासून घ्यायची, प्लेटलेट काउंट दीड लाखाच्या वर लागतो, बरेच जण इथेच गळतात. उरलेल्यांना तारखा वाटायच्या, दर तारखेला एक डोनर एक राखीव, आदल्या रात्री परत फोन. मशीनवर तास-दीड तास जातो, त्यामुळे हाफ डे टाकायला आणि नीट जेवून यायला सांगा. आणि ही यादी घरच्यांकडे देऊ नका, वहिनी आधीच रात्रंदिवस वॉर्डात असते, तिने अजून लोकांना विनवण्या का करायच्या, एका मित्राने घ्यावी. ४८ तासांनी तोच डोनर परत देऊ शकतो, आठवड्यातून दोनदाच फक्त.