मुलांसाठी गोष्ट लिहिताना: खानदेशातील लिहित्या हातांसाठी

मुलांसाठी लिहू इच्छिणाऱ्याने पहिला खर्डा कागदावर पक्का करण्यापूर्वी तो आठ-दहा मुलांपुढे सांगून पाहावा, कारण मूल कुठे चुळबुळ करते आणि कुठे पुढे सरकून बसते, हे मोठ्यांच्या अभिप्रायापेक्षा अधिक विश्वासार्ह असते. मी हे जरा उशिरा शिकलो. रावेर तालुक्यातील एका शाळेत मी केळीच्या बागेची गोष्ट वाचत होतो. घड कापून नेल्यावर गोष्टीतला मुलगा त्याच झाडाखाली पुढच्या घडाची वाट पाहत बसतो, असे मी लिहिले होते. चौथीतली एक मुलगी उठून म्हणाली, ‘‘ते झाड पुन्हा नाही देत, पील देते.’’ सगळा वर्ग हसला, आणि माझी गोष्ट तिथेच मोडली. केळीचे झाड एकदाच घड देते आणि पुढचे पीक त्याच्या बुंध्याशी फुटलेल्या पिलावर येते, हे त्या मुलांना माझ्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. दुरुस्त केलेल्या गोष्टीत मुलगा पिलाला पाणी घालतो, आणि ती गोष्ट आधीपेक्षा चांगली झाली.

बोलीचा प्रश्न येथे टाळता येत नाही. धुळे-अमळनेरकडे अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा गणबोली आणि सातपुड्याच्या पायथ्याशी भिली व पावरी, अशी घरची भाषा कोसागणिक बदलते. माझ्या मते निवेदन प्रमाण मराठीत ठेवून संवाद बोलीत लिहावेत, मात्र अर्थ प्रसंगातूनच उलगडला पाहिजे. नव्याने आलेल्या मुलीला शेजारची मुलगी ‘‘तुनं नाव काय शे?’’ असे विचारते, तेव्हा तळटीप लागत नाही. विनोदासाठी तेवढी बोली वापरण्याची सवय मात्र सोडावी, कारण आपल्या आईची भाषा केवळ हसण्यासाठी छापली गेली आहे, हे मुलाला चटकन कळते.

लांबीचा अंदाज घेण्यासाठी ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळाची वाचनपातळी उपयोगी पडते: पहिल्या पातळीची गोष्ट सुमारे 250 शब्दांपर्यंत, दुसरीची 600 पर्यंत, तर तिसरीची 1500 पर्यंत असते. चित्रपुस्तकात जे चित्र दाखवणार आहे, ते शब्दांत पुन्हा लिहू नये. खापरावर मांडे टाकणारी आजी चित्रात असेल, तर वाक्याने तिचा हात किती भाजला, हे सांगावे. ‘स्टोरीवीव्हर’वरील पुस्तके मुक्त परवान्याखाली असल्याने लेखक-चित्रकारांचा उल्लेख ठेवून ती शाळेसाठी छापता येतात, त्यांचा अनुवादही करता येतो. एखादी गोष्ट अहिराणीत आणणे हा नवोदितासाठी उत्तम सराव आहे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघते आणि त्याचे जुने अंक संगणकावर विनामूल्य वाचता येतात. तेथे साहित्य पाठवण्यापूर्वी निदान वर्षभराचे अंक वाचावेत. अंक न वाचता पाठवलेले लेखन संपादकाला पहिल्या परिच्छेदातच ओळखू येत असावे.

प्रकाशक मिळेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. साने गुरुजींनी अमळनेरच्या वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ हे दैनिक हाताने लिहूनच चालवले होते. वर्गात तसे हस्तलिखित काढायचे असेल, तर फुलस्केपचे चार कागद मधोमध दुमडून दोऱ्याने शिवावेत, म्हणजे सोळा पाने होतात. मजकूर मुलांनीच लिहावा, शिक्षकांनी शुद्धलेखन तेवढे पाहावे, आणि तेही लाल शाईने नव्हे. विषय सुचत नसल्यास आखाजीचा म्हणजे अक्षय्य तृतीयेचा झोका, कानबाई देवीचा रोट किंवा सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे यांवर प्रत्येकाने पाहिलेली एकच गोष्ट लिहायला सांगावी. अंक तयार झाला की तो वाचनालयाच्या कपाटात कुलुपात न ठेवता दर शनिवारी एका मुलाच्या घरी पाठवावा आणि शेवटची दोन पाने कोरी सोडावीत, म्हणजे घरातल्या आजी-आजोबांना आठवणारी कहाणी मुलाला तेथे उतरवून आणता येते.