संत्र्याच्या बहराचा वास मधमाश्यांना कसा शिकवायचा

काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांत आंबिया बहर (हिवाळ्याच्या अखेरीचा) फुलला, की सातेरी मधमाश्यांच्या पेट्यांना त्याच फुलांचा वास आधी पेटीतच शिकवता येतो. माशी मिशांनी वास टिपते. वासापाठोपाठ गोड मिळालं की दोन्हींची सांगड बसते. मग नुसत्या वासानेही ती सोंड बाहेर काढते, आणि बाहेर पडल्यावर त्याच वासाच्या फुलांकडे वळते.

एक किलो साखर एक लिटर गरम पाण्यात विरघळवा. पाक पूर्ण गार होऊ द्या, इथेच घाई नडते: गरम पाकात वास उडून जातो. आता त्याच सकाळी उमललेली मूठभर फुलं (कळ्या नकोत, फवारणी झालेली तर मुळीच नकोत) घालून भांडं तीन-चार तास झाकून ठेवा. फडक्याने गाळा.

दिवस मावळल्यावर पेटीत साधारण शंभर मिली द्या. माश्या तोंडातोंडी पाक वाटतात, त्यामुळे न प्यालेल्यांनाही वास कळतो. बाहेर थेंब सांडला तर मुंग्या येतात, शेजारच्या पेटीच्या माश्या लुटालूट करतात; लगेच पुसा. मधकोठी (पेटीतला मध साठवायचा वरचा कप्पा) आधीच काढून ठेवा, नाहीतर साखर मधात जाते.

बाजारातला संत्रा इसेन्स वापरू नका. तो सालीचा वास, फुलाचा नव्हे.